फॉर्म भरण्याआधी बँडचा हिशोब

ताई, नमस्कार.

आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. मूळचे सातारचे, लग्नानंतर पुणे, आणि आता सहा वर्षं टेक्सास. थोरली नववीत आहे, इथल्या पब्लिक हायस्कूलला. शाळेत तीन हजार मुलं. ती सहावीपासून क्लॅरिनेट वाजवते आणि यंदा मार्चिंग बँडमध्ये, म्हणजे मैदानावर चालत वाजवणाऱ्या बँडमध्ये, होती. ऑगस्ट ते नोव्हेंबर ती घरी फक्त झोपायला यायची. आता दहावीचे विषय निवडायचा फॉर्म पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. आमच्या ह्यांचं म्हणणं, बँड आता बास. त्या तासाला एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचं, कॉम्प्युटर सायन्स घे. बँडच्या मार्कांना एपीसारखं वेटेज नाही, इयत्तेतला रँक खाली जातो, आणि ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीत जायचं तर पहिल्या पाच टक्क्यांत यावं लागतं. हे स्वतः शाळेत खो-खो खेळायचे, जिल्ह्यापर्यंत गेले होते. नववीनंतर सोडला. ‘माझं काय बिघडलं?’ असं विचारतात. मंडळातल्या दोन घरांनी आपापली मुलं बँडमधून काढली. लेक आमच्याशी धड बोलत नाही, जेवायला बोलावलं तर ‘भूक नाही’. त्यात धाकटा पुढच्या ऑगस्टला हायस्कूलला जाईल, त्याला इथला अमेरिकन फुटबॉल खेळायचाय. सगळ्यांच्या मधे मी. शाळा शेवटी शिकायलाच असते ना?

— मधली

प्रिय मधली,

तुमच्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून मत आधी सांगते आणि कारणं मागून. लेकीला बँडमध्ये राहू द्या. पण तुमच्या मिस्टरांचा रँकचा मुद्दा हवेतला नाही. तो बाजूला सारून मी नुसतं ‘मुलीचं मन मोडू नका’ म्हटलं, तर ते तुम्हालाही पुरणार नाही आणि त्यांना तर नाहीच नाही. मी टेक्सासमधल्याच पब्लिक हायस्कुलांत बरीच वर्षं काउन्सेलरचं काम केलंय, तेव्हा जे सांगते ते या राज्यापुरतं धरा. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांना विचाराल तर नियम वेगळे निघतील आणि गोंधळ वाढेल.

मिस्टर कुठून बोलतायत ते मला नीट समजतं. आपल्याकडे नववीची परीक्षा संपली की दहावीची व्हेकेशन बॅच सुरू. घरातला टीव्ही बंद, चित्रकला बंद, पेटीचा क्लास बंद, मैदान बंद. पी.टी.चा तास शाळाच गणिताच्या सरांना देऊन टाकते. कारण मार्चमधल्या एका परीक्षेवर अकरावीचं कॉलेज ठरतं आणि कॉलेजवर पुढचं सगळं, असं घराघरांत पक्कं बसलेलं असतं. जिल्ह्यापर्यंत खेळलेल्या मुलाने खो-खो सोडला तेव्हा त्याला ‘सोडू का?’ असं कुणी विचारलंही नसेल. त्यांचं काही बिघडलं नाही, हे खरंच आहे. पण त्यांना दुसरा रस्ता दिलाच नव्हता. तुमच्या लेकीपुढे तो आहे.

इथे तो मार्च येतच नाही. नववी ते बारावी, चारही वर्षांचा प्रत्येक विषय ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, चढतो. आपल्याकडे ज्या इयत्तेत खेळ आणि कला गुंडाळून ठेवतात, त्याच इयत्तेत इथे त्यांना खरी सुरुवात होते. टेक्सासमध्ये एंडॉर्समेंटसह, म्हणजे एखादं खास क्षेत्र निवडून, हायस्कूल पूर्ण करायला २६ क्रेडिट लागतात (वर्षभराच्या एका विषयाला साधारण एक क्रेडिट), आणि त्यांत एक फाइन आर्ट्सचं आणि एक पीईचं, म्हणजे शारीरिक शिक्षणाचं, सक्तीचं आहे. म्हणजे तुम्ही ज्याला शाळेव्यतिरिक्तचं समजताय ते वेळापत्रकात आहे. त्याला तास आहे, पगारी शिक्षक आहेत, मार्क आहेत. ज्या युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीगच्या, म्हणजे यूआयएलच्या, स्पर्धांत तुमच्या शाळेचा बँड उतरतो, ती संस्था टेक्सास विद्यापीठाने १९१० मध्ये सुरू केली तीच मुळी वादविवाद स्पर्धांसाठी. आज फुटबॉल तिच्याकडे, मार्चिंग बँड तिच्याकडे, चाळीस मिनिटांच्या एकांकिकांची स्पर्धा तिच्याकडे, आणि कच्चं काम न करता डोक्यातल्या डोक्यात गणितं सोडवायची ‘नंबर सेन्स’ स्पर्धासुद्धा तिच्याचकडे. शाळा शिकायलाच असते. फक्त शिकण्याच्या यादीत इथे हे सगळं पहिल्यापासून धरलेलं आहे.

आता बँडमध्ये ती शिकते काय, ते सांगते, कारण स्टेडियमच्या बाकावरून ते दिसत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला कधी सकाळी शाळेच्या पार्किंग लॉटवर जाऊन उभ्या राहा. डांबरावर फुटबॉलच्या मैदानाच्या रेषा रंगवलेल्या असतात. दहा वाजेपर्यंत ऊन मी म्हणायला लागतं, दुपारी पारा चाळिसाला टेकतो. दीड-दोनशे मुलं, प्रत्येकाच्या पायाशी पाण्याचा मोठा जग. स्पीकरवर मेट्रोनोमची टकटक. डायरेक्टर उंच मचाणावर माइक घेऊन. प्रत्येक मुलाला आपापली जागा पाठ असते, तिला ही मुलं ‘डॉट’ म्हणतात: पंचेचाळीस यार्डांच्या रेषेपासून दोन पावलं आत, पुढच्या हॅशच्या चार पावलं मागे. पाच यार्डांत आठ पावलं बसली पाहिजेत, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं, ना कमी ना जास्त. सोळा मात्रांत पुढच्या डॉटवर पोचायचं, वाजवत पोचायचं, खांदे प्रेक्षकांकडे ठेवून पोचायचं. एकजण अर्धं पाऊल मागे राहिली तरी वरून बघणाऱ्याला सगळी कमान वाकडी दिसते. मग माइकवरून एकच शब्द येतो, ‘रीसेट!’ आणि सगळे मुकाट्याने मागे जातात. पुन्हा तेच सोळा. पुन्हा.

चौदा वर्षांची मुलगी हे चार महिने करते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा करायचं म्हणून हट्ट धरते. हा हट्ट वाया घालवण्यासारखा नाही. असा चिकाटीचा धडा देणारा वर्ग शाळेत दुसरा आहे का, हे मिस्टरांनी मनाशी विचारून बघावं.

आणखी एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. तीन हजारांच्या शाळेत मुलं हरवतात. मी हे खूप जवळून पाहिलंय. एकेका काउन्सेलरकडे चारशेच्या आसपास मुलं असायची. मनात कितीही असलं तरी वर्षातून दोनदा-तीनदा भेट, त्यातली एक वेळापत्रकाची. विषयांचे शिक्षक दरवर्षी बदलतात. बँड डायरेक्टर मात्र चारही वर्षं तोच, रोज भेटणारा. पोरगी दोन दिवस गप्प गप्प असली तर त्याला कळतं. दुपारचा डबा बँड हॉलमध्ये खाता येतो, आणि नववीतल्या मुलीला, त्यातून बाहेरून आलेल्या घरातल्या मुलीला, डबा कुठे आणि कुणाबरोबर खायचा हा प्रश्न किती मोठा असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. खेळाच्या टीमचं, नाटकाच्या ग्रुपचं, ऑर्केस्ट्राचंही असंच. ज्या मुलांना असं एक घर मिळालं होतं, त्यांच्या घरच्यांना रात्री-अपरात्री फोन करायची वेळ माझ्यावर क्वचितच आली.

आता रँक. रँकवर प्रवेश देणारा कायदा १९९७ चा. टेक्सासमधल्या कुठल्याही हायस्कूलच्या पहिल्या दहा टक्क्यांतल्या मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश. पुढे ऑस्टिनला एवढी गर्दी झाली की थेट प्रवेशावर मर्यादा घालावी लागली. तिथे आधी सहा टक्के होते, २०२६ च्या प्रवेशापासून पाच झाले. मिस्टरांनी सांगितलेला आकडा बरोबर आहे. टेक्सास ए अँड एमला मात्र अजून दहाच टक्के आहेत, हे घरच्या चर्चेत बहुतेक वेळा राहून जातं.

तुमच्या शाळेत तीन हजार मुलं, म्हणजे एका वर्गात साधारण साडेसातशे. त्यांतले पाच टक्के म्हणजे सदतीस-अडतीस. समजा तुमच्या डिस्ट्रिक्टची, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेची, गुणांची पट्टी सहाची आहे: एपीत ए मिळाला तर ६, साध्या विषयात ए मिळाला तर ५. वर्षाला सात विषय, चार वर्षांत २८. नववीचं वर्ष तर सरलंच. उरलेल्या तिन्ही वर्षी बँडच्या जागी एपी घेतला आणि तिन्ही वेळा ए आणला, तर सरासरीत फरक पडतो साधारण ०.११. दिसायला किरकोळ, पण तुमच्यासारख्या उपनगरातल्या शाळेत तेवढ्या फटीतसुद्धा बरीच मुलं दाटीवाटीने उभी असतात. मी हा आकडा लपवणार नाही.

पण हा झाला वरचा आकडा. बँड सोडला तरी तो तास दरवर्षी एपीलाच मिळेल असं नाही. मार्चिंग बँडचे सीझन बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये पीईच्या क्रेडिटमध्ये धरतात. बँड सोडलात तर पीईचं उरलेलं क्रेडिट तिला वेगळा विषय घेऊन भरावं लागेल, आणि तोही पाचवालाच. दुसरं, एपी म्युझिक थिअरी नावाचा विषय आहे. बँडची मुलं तो अकरावी-बारावीत घेतात, आणि तो इतर कुठल्याही एपीइतकाच वजनदार. तिसरं, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं: रँक कसा काढायचा हे प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपापलं ठरवतं. काही ठिकाणी इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र आणि परभाषा एवढेच विषय धरतात, बँड मोजणीत येतच नाही. तुमच्याकडे तसं असेल तर घरातलं हे सगळं भांडण विनाकारण चाललंय. हे डिस्ट्रिक्टच्या कोर्स कॅटलॉगमध्ये छापलेलं असतं. आज रात्री दोघांनी मिळून ते पान उघडा.

आणि पत्रात एक गोष्ट नाहीच: लेक सध्या आहे कितवी? ती पहिल्या दोन टक्क्यांत असेल तर बँडने पाचाची रेघ ओलांडणार नाही. ती पंधरा टक्क्यांवर असेल तर बँड सोडूनही पाचात येणार नाही, उलट ज्यावर ती जगते तेच जाईल. ती पाच-सहाच्या काठावर असेल तरच हा प्रश्न खरा. काउन्सेलरला स्पष्ट विचारा.

ती काठावर असली तरी माझं मत बदलत नाही, कारण ऑस्टिनचा थेट प्रवेश हा विद्यापीठाचा प्रवेश आहे, हव्या त्या शाखेचा नाही. कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंग मिळेल की नाही ते वेगळं ठरतं, आणि तिथे निबंध, विषयांची निवड, चार वर्षं काय केलं, हे सगळं वाचलं जातं. पहिल्या पाच टक्क्यांत असूनही कॉम्प्युटर सायन्स न मिळालेली मुलं माझ्यासमोर रडलेली आहेत. कॉम्प्युटर सायन्सचे एपी दोन आहेत, आणि ते अकरावीत किंवा बारावीतही घेता येतात. दहावीतच घेतला पाहिजे असं काही नाही. आणि मुळात तिला तो हवाय का? पत्रात तिचं मत क्लॅरिनेटबद्दल आहे, कॉम्प्युटरबद्दल मिस्टरांचंच आहे.

मात्र ‘कॉलेजच्या अर्जात चांगलं दिसतं म्हणून बँड ठेवू’ असं तिला चुकूनही म्हणू नका. मुलांना ते लगेच कळतं, आणि मग ज्यात जीव होता त्याचंही ओझं होतं.

अभ्यास मागे पडेल ही भीती असेल तर त्याची सोय कायद्यानेच केलेली आहे. १९८४ पासून टेक्सासमध्ये ‘नो पास, नो प्ले’ आहे. मार्कांच्या मुदतीअखेर एखाद्या विषयात सत्तरच्या खाली गेलं की किमान तीन आठवडे स्पर्धा बंद. फुटबॉलचा हिरो असो की क्लॅरिनेटवाली, सगळ्यांना एकच. त्या सुधारणा सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॅलसचेच उद्योगपती रॉस पेरो होते, आणि फुटबॉलवेड्या गावांनी तेव्हा त्यांना भरपूर शिव्या घातल्या. नियम टिकला. (काही प्रगत विषयांना त्यातून सूट असते, डिस्ट्रिक्टला विचारून घ्या.) मी पाहिलंय, आईबापांच्या ओरडण्याने जे होत नाही ते ‘शनिवारच्या स्पर्धेला तू नसशील’ या एका वाक्याने होतं.

थकव्याची तुमची तक्रार मात्र अगदी खरी आहे. शाळा सुरू झाल्यावर शाळेच्या वेळेबाहेर तालमीला आठवड्याला आठ तासांची मर्यादा आहे, पण बँड जिथे वाजवतो ती शुक्रवारची फुटबॉल मॅच आणि शनिवारची स्पर्धा त्यात धरत नाहीत. शुक्रवारी रात्री अकराला पोरगी घरी येणार आणि शनिवारी पहाटे बस. यावर उपाय बँड काढणं हा नाही. उपाय म्हणजे त्या सेमिस्टरला एक एपी कमी घेणं. दहावीत दोन एपी नीट झेपले तर ते चार धापा टाकत केलेल्यांपेक्षा बरे. झोप कमी पडायला लागली तर आधी जाणारा एपी कोणता, हे तिलाच आजच ठरवायला सांगा. स्वतः ठरवलेलं ती पाळेल.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण बँडची फी बारीक नसते. ओढाताण होत असेल तर डायरेक्टरशी बोला. हप्ते मिळतात, मदतही मिळते, आणि कुणाला कळत नाही. पालकांचा बूस्टर क्लब असतो. पाणी भरणं, मुलांचे युनिफॉर्म सांभाळणं, मैदानावर प्रॉप्स ढकलत नेणं ही कामं तिथले आईबाप करतात. तिथे मिस्टरांना पाठवा. प्रॉप्स ढकलून झाले की मैदानाच्या कडेला उभं राहून शो बघता येतो. खो-खोच्या पाटीत उकिडवं बसून ‘खो’ मिळायची वाट बघितलेल्या माणसाला, आपली पाळी येईपर्यंत अंगात काय होतं ते माहीत असतं. लेकीशी बोलायला त्यांच्याकडे विषय आहे, तो मार्कांच्या खाली दबलाय एवढंच. त्यांनी जिल्ह्याच्या सामन्याची गोष्ट तिला कधी सांगितली आहे का?

मंडळातल्या त्या दोन घरांचं सोडून द्या. त्यांच्या मुलांना बँड आवडत होता की नाही हे तुम्हाला माहीत नाही.

धाकट्याबद्दल माझं मन एवढं मोकळं नाही. टॅकल फुटबॉलमध्ये डोक्याला मार बसतो, हे आता कुणी नाकारत नाही. टेक्सासमध्ये २०११ पासून कायदा आहे: कन्कशनची, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याची, शंका आली तरी मुलाला लगेच बाहेर काढायचं आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. कायदा चांगला आहे, पण तो मार बसल्यानंतरचा आहे. मी त्याला आधी क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं धावणं, सुचवीन. तिथे बहुतेक शाळा कुणालाही परत पाठवत नाहीत, ऑगस्टपासून टीम मिळते आणि पाय तयार होतात. टेनिसही चांगलं. तो फुटबॉलवरच अडून बसला तर कोचला भेटा, दुखापती बघणारा ट्रेनर रोज मैदानावर असतो का ते विचारा, आणि मग ठरवा. आणि खेळाच्या स्कॉलरशिपचं गणित कुणी मांडून दाखवायला लागलं तर ऐकून सोडून द्या. हायस्कूलला खेळणाऱ्या दहांतला एकही पुढे कॉलेजच्या टीममध्ये जात नाही, आणि कॉलेजच्या खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतल्या, म्हणजे डिव्हिजन थ्रीच्या, कॉलेजांत तर खेळासाठी स्कॉलरशिप मुळी नसतेच. मुलाने खेळायचं ते खेळायचंय म्हणून. कुठलाही खेळ निवडला तरी यूआयएलचा मेडिकल फॉर्म डॉक्टरांकडून भरून लागतो. उन्हाळ्यात भारतात जाणार असाल तर तो मे महिन्यातच करून घ्या.

तुमच्या हातातलं काम असं. आज काउन्सेलरला मेल करा: रँकमध्ये फाइन आर्ट्स धरतात का, पीईचं क्रेडिट किती झालंय, लेक साधारण कितवी आहे. उत्तर आलं की मिस्टर, तुम्ही आणि लेक, तिघं मिळून बसा, आणि फॉर्मवरची पेन्सिल तिच्या हातात द्या. शुक्रवारपर्यंत उत्तर नाही आलं तर बँडवर खूण करूनच फॉर्म पाठवा. नंतर विचार बदलला तर बँडमधून नाव काढता येतं. उलटं जमत नाही, कारण मैदानावरची रचना ऑगस्टच्या आधीच मुलांच्या संख्येनुसार लिहून होते, आणि ऑगस्टमध्ये परत गेलेल्या मुलीसाठी त्यात डॉट उरलेला नसतो.